समुद्राकडून सातवी

गेले दहा दिवस मला हसू आवरत नाहीये. कुकरच्या शिट्ट्या मोजताना येतं, रिक्षात येतं, लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींच्या शेजारी उभी असताना तर फारच येतं. परवा ऑफिसात एका गंभीर मीटिंगमध्ये कुणीतरी नुसतं "दहा" म्हणालं आणि मला तोंडासमोर फाईल धरावी लागली. नवऱ्याने दोन दिवस पाहिलं, मग विचारलं, "तुला बरं वाटत नाहीये का?"

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बरं वाटतंय," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही, कारण त्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. माहेरी मला मुकी म्हणायचे, सासरी शांत स्वभावाची म्हणतात. ही बाई गप्प बसते कारण तोंड उघडलं तर त्यातून एक ठरावीक गोष्ट निसटेल अशी तिला धास्ती आहे, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक नव्हतं. आता ती गोष्ट निसटली आहे, तीही माइकवरून, बोरीवलीच्या एका हॉलमध्ये, साठेक माणसांसमोर. आता लपवायला काहीच उरलं नाही, तर सगळंच सांगते.

मी हीट एक्स्चेंजरच्या धंद्यात आहे. लग्नाच्या पंगतीत हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस जिलेबी आणायला उठतो आणि परत येत नाही. पण तुम्ही बसा, सोपं आहे. आई दुधाचं गरम पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवायची. दूध दुधाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी, मधे पातेल्याचा पत्रा. दूध निवायचं, पाणी कोमट व्हायचं, आणि दुधात पाण्याचा एक थेंब जायचा नाही. आमचा धंदा एवढाच. फक्त पातेल्याऐवजी आम्ही शेकडो बारीक नळ्या घेतो आणि परातीऐवजी एक लांबलचक लोखंडी पिंप, आडवं झोपवलेलं. त्या पिंपाला म्हणायचं शेल. नळ्या त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. दोन्ही टोकांना जाड पोलादी ताटली, शेवेच्या साच्याला असतात तशी भोकं पाडलेली. एकेका भोकात एकेक नळी घट्ट बसवलेली. नळ्यांतून एक जण वाहतो, नळ्यांच्या बाहेरून शेलमधून दुसरा. बाहेरच्याने सरळ पळून जाऊ नये म्हणून आत अर्धचंद्रासारखे पत्रे आडवे लावतात. त्यांना वळसे घालत, वर-खाली नागमोडी जावं लागतं, तेवढ्या वेळात ऊन ते गार होतं आणि गार ते ऊन. दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत, फक्त एकमेकांची ऊब घेतात. डेअरीत हे असतं, जहाजावर असतं, हॉटेलच्या आंघोळीच्या पाण्याला असतं, औषधांच्या कारखान्यात असतं. घाटकोपरच्या मॉलमध्ये एप्रिलमध्ये तुम्हाला शाल आणायला हवी होती असं वाटतं ना, तेव्हा गच्चीवर किंवा तळघरात आमचं पिंप घाम गाळत असतं.

आणि बर्फाच्या कारखान्यात असतं. माझी गोष्ट तिथलीच.

मुलुंडला एका गाळ्यात मी नोकरीला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची, हातात डिप्लोमा, अंगावर वीस किलोचं चिलखत घातल्यासारखा आत्मविश्वास. तो फक्त वरवरचा. मालकांनी सहा महिने बघू म्हणून ठेवलं होतं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मुलींना साईटवर पाठवत नाही. उगाच नसती भानगड." मला साईटवर नेलं ते काकांनी. काका आमचे मुख्य फिटर, मूळचे मालवणकडचे, तेव्हा अठ्ठेचाळीसचे. त्यांची ख्याती अशी की ज्या मशीनला ते हात लावतील तिथे दुसऱ्यांदा जावं लागत नाही. ते मालकांना म्हणाले, "माझा पोट जंय जाणा नाय, थंय ही जातली. माका ही होयी." पोटाचा मुद्दा इतका डोळ्यांसमोर होता की मालकांना नाही म्हणता आलं नाही.

काकांची एक पद्धत होती. ते डावं-उजवं कधी म्हणायचे नाहीत. त्यांच्या तोंडी असायचं, "देवळाकडचो बोल्ट काढ", "रस्त्याकडसून तिसरी". नवीन साईटवर गेलं की आधी बाहेर चक्कर मारायचे, कुठे काय आहे ते पाहायचे, मग आत येऊन कामाला लागायचे. मला वाटायचं, हे जुन्या माणसांचं गावठी खूळ. डिप्लोम्यात आम्हाला डावीकडून क्रमांक टाकायला शिकवलं होतं.

तर एका सकाळी आम्ही अंधेरीच्या टोकाला, एका कोळीवाड्याला लागून असलेल्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथला कंडेन्सर म्हणजे आमचंच शेल आणि नळ्यांचं पिंप. कॉम्प्रेसर अमोनियाचा वायू दाबतो, तो तापतो, तापलेला वायू शेलमध्ये येतो. नळ्यांतून गार पाणी फिरतं, ते त्याची उष्णता काढून घेतं, वायूचा द्रव होतो, आणि तो द्रव पुढे जाऊन मिठाचं पाणी इतकं गार करतो की त्यात सोडलेल्या डब्यांमध्ये बर्फाच्या लाद्या धरतात. यातली एक नळी सडली होती. शेलमधला अमोनिया नळीतल्या पाण्यात मिसळत होता, पाणी कूलिंग टॉवरवर जात होतं, आणि अख्ख्या कोळीवाड्यात कुणीतरी हजार वर्षांची मुतारी उघडल्यासारखा वास सुटला होता.

दाराशी कोळणी पाट्या घेऊन उभ्या. त्यांतली एक मावशी, चाळिशीची, हिरवं लुगडं, पुढाकार तिचा. मला पाहून म्हणाली, "ही पोर बर्फ काढनार? आमचा म्हावरा सडंल तवर हिचं लगीन व्हईल!"

काका म्हणाले, "लगीन झाला तरी बर्फ तुमका मिळतलो गो."

नळी सडली तर अख्खं पिंप फेकत नाहीत, त्या नळीच्या दोन्ही तोंडांत निमुळती धातूची बुचं ठोकतात. ती एक नळी कामातून गेली, बाकीच्या चालू. सडलेली कोणती हे शोधायचं कसं? अमोनिया काढून घ्यायचा, टोकांची झाकणं उघडायची, शेलमध्ये हवा भरायची आणि ताटलीवर साबणाचं पाणी फासायचं. ज्या नळीतून बुडबुडे येतील ती. पुढच्या तोंडाशी काका होते. मागचं तोंड भिंतीपासून जेमतेम हातभर. तिथे काकांचं पोट सहजी जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी. माझ्या एका हातात हातोडी, दुसऱ्यात बूच, पायाशी साबणाच्या पाण्याची वाटी. त्या फटीच्या तोंडाशी एक बोका येऊन बसला होता आणि मी कुणाचा तरी मासा घेऊन आत शिरले आहे अशा संशयाने बघत होता.

मी आत शिरण्याआधी काकांनी पुढच्या बाजूला बुडबुडे शोधले होते, मला दाखवले होते. "वरसून चौथी वळ. समुद्राकडसून सातवी. काय गो?"

"समुद्राकडून सातवी," मी म्हटलं. पुढून पाहताना समुद्र माझ्या डाव्या हाताला होता. मी बॉलपेनने तळहातावर लिहिलं: वरून ४, डावीकडून ७. मग वळसा घालून मागे गेले.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मागून पाहताना समुद्र उजवीकडे जातो. मी हाताकडे बघितलं, डावीकडून सात मोजल्या आणि बूच टेकवलं.

पलीकडून काका ओरडले, "साबण लाव आधी! तुझ्या बाजूकय बुडबुडो येवक होयो."

साबण लावायला वाकले तर बोक्याने एक पाऊल पुढे टाकलं. मी दचकले, पाय लागला, वाटी कलंडली. सगळा साबण मोरीत. बाहेर मावशीचा आवाज चढलेला, कारखान्याचे शेठ घड्याळ बघत असलेले.

"लावलास?"

"लावला," मी म्हटलं. "येतोय बुडबुडा."

आणि ठोकलं बूच. ही पहिली थाप. ती लहान होती, घाईतली होती, बोक्यावर ढकलता येईल अशी होती. दुसरी तशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच वास. झाकणं उघडली. पुढच्या बाजूला बूच समुद्राकडून सातव्या नळीत, मागच्या बाजूला भलत्याच. म्हणजे सडलेली नळी मागून सताड उघडी, आणि एक निरोगी बिचारी नळी उगाच अर्धी बंद. या वेळी मालक स्वतः आले होते. बाहेर मावशीने त्यांना गाठून जे काय ऐकवलं होतं ते मी इथे लिहू शकत नाही. मालक थेट माझ्यासमोर आले आणि विचारलं, "तुला किती नंबर सांगितला होता?"

ओळीत सोळा नळ्या होत्या. डावीकडून सातवी म्हणजे समुद्राकडून किती? मला गणित कधी चटकन सुटत नाही. भाजीवाल्याला मी तीनदा विचारते. पण त्या क्षणी, देवाशपथ, एका श्वासात सुटलं. सोळा अधिक एक सतरा, सतरातून सात गेले दहा.

"दहा," मी म्हटलं. "काका म्हणाले, समुद्राकडून दहावी."

काका बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मी सांगितलेलं तपासून पाहावं तसं. मग त्यांनी पुढची ताटली पाहिली, बोटाने हवेत मोजलं, आणि म्हणाले, "मिया दहा म्हटलंय?"

मी मान हलवली.

"मग म्हटला आसतला," ते म्हणाले. "पोर खोटा कशाक बोलात?"

एवढंच. नंतर त्यांनी सातव्या नळीत मागूनही बूच बसवून दिलं. अंग चोरून, भिंतीला पोट घासत ते स्वतः गेले, मला जाऊ दिलं नाही. दहावीचं बूच इतकं घट्ट बसलं होतं की निघेना, ते तसंच राहू दिलं. आणि मालकांनी काकांचं साईटवर जाणं बंद केलं.

काकांना गाळ्यात ठेवलं, नळ्या कापायला. ज्या माणसाला डेअऱ्या, हॉटेलं, बंदरातली जहाजं, सगळ्या मुंबईची पोटं आतून माहीत होती, तो एका कोपऱ्यात करवतीपाशी बसला. त्यांना पगार तोच होता, मान तोच होता. पण आपण हातांनी सातवी बंद केली आणि मोजून दहा सांगितले असं वाटून त्यांचा स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास गेला. पंचवीस नळ्या कापल्या की ते मला हाक मारायचे, "बाय, जरा मोज गो." मी मोजायचे. पंचवीस असायच्या. नेहमी बरोबर असायच्या! एकदाही चुकल्या नाहीत. "बरोबर काका," मी म्हणायचे आणि टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहायचे.

मग त्यांनी चष्मा केला. डॉक्टर म्हणाले, वाचायला थोडा लागेल, या वयात सगळ्यांनाच लागतो, लांबचं एकदम ठणठणीत आहे. काकांना ते पटेना. सातचे दहा दिसतात आणि ठणठणीत कसं? शेवटी त्यांच्या हट्टापायी खालच्या अर्ध्यात वाचण्यापुरता नंबर आणि वरच्या अर्ध्यात साधी काच असा चष्मा बनवला. सत्तावीस वर्षं तो माणूस साध्या काचेतून जग बघत होता, माझ्या एका आकड्यासाठी.

आणि मी? माझी नोकरी पक्की झाली. मी साईटवर जात राहिले. पुढे मोठ्या कंपनीत गेले, आता तपासणीचं काम करते. दर नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, डावं-उजवं म्हणायचं नाही, आणि दोन्ही टोकांना साबण लावल्याशिवाय बूच ठोकायचं नाही. लोक म्हणतात, मॅडम फार काटेकोर. दर दिवाळीला मी काकांकडे जात राहिले, आधी भांडुपला, मग मुलाने बोरीवलीला घर घेतलं तिकडे. हातात दरवेळी काहीतरी अतोनात मोठं. एकदा मिक्सर नेला होता. एकदा पाठदुखीची गादी. काकू म्हणायच्या, "पोटच्या लेकीन केला नसता इतक्या तुया करतंस." आणि त्या मला अजून एक करंजी वाढायच्या. सत्तावीस दिवाळ्या मी त्या घरात करंज्या गिळल्या आहेत; त्यांची चव कशी असते ते मला यंदा कळणार आहे.

आता काका पंचाहत्तर वर्षांचे झाले. पंचाहत्तरी म्हणजे पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम. सुनेने मला फोन केला, "ताई, तुम्ही दोन शब्द बोलायचेच. बाबांबद्दल तुमच्याइतकं कोण बोलणार?" दोन शब्द लिहायला मला आठवडा लागला. एक पानभर भाषण झालं, त्यात 'गुरुतुल्य' चार वेळा आलं होतं.

सून हौशी. तिने मोठ्या पितळी परातीत कणकेचे दिवे मांडले होते, नुसते गोल गोल न मांडता सरळ ओळींत, वरच्या दोन दिव्यांच्या मधल्या जागेत खालचा दिवा, अशा. मी हॉलमध्ये शिरले आणि परात पाहिली. आमची ताटलीच ती! हुबेहूब. भोकांच्या जागी ज्योती.

काका पाटावर बसले, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर तो चष्मा. काकू परात उचलायला वाकल्या. काकांनी परातीवर एकदाच नजर फिरवली आणि सहज म्हणाले, "एक कमी आसा."

"नाही बाबा, पंचाहत्तर आहेत," सून म्हणाली. "मी स्वतः मोजलेत."

"चौऱ्याहत्तर..." काका म्हणाले. मग थांबले. चष्मा नीट केला. आणि मी सत्तावीस वर्षं ऐकत आलेला तो समजूतदार आवाज आला. "नाय, तू म्हणतंस तर आसतीत. माझा मोजणा काय खरा नाय."

लोक प्रेमाने हसले. बाबांचं ते नेहमीचंच, असं हसले.

मी मोजले. ओळी माहीत असल्या की दोन मिनिटंही लागत नाहीत. चौऱ्याहत्तर होते. पुन्हा मोजले, दुसऱ्या बाजूने. चौऱ्याहत्तर.

माइक माझ्या हातात होता, कारण ओवाळण्याआधी माझे दोन शब्द ठरलेले होते. कागद दुसऱ्या हातात होता. मी तोंड उघडलं. त्यातून जे बाहेर आलं त्यात 'गुरुतुल्य' कुठेच नव्हतं.

"चौऱ्याहत्तरच आहेत," मी म्हटलं. माइक कुईं करून ओरडला. "काकांचं बरोबर आहे. काकांचं नेहमीच बरोबर होतं. काका, तुम्ही सातच म्हणाला होतात."

हॉलमध्ये कुणाला काहीच कळलं नाही. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "सात काय? दिवे?" काकांना मात्र कळलं. मी पाहिलं, त्यांना तत्क्षणी कळलं.

"समुद्राकडसून?" त्यांनी विचारलं.

"समुद्राकडून सातवी. मी हातावर डावीकडून लिहिलं. मागे गेल्यावर डावं उलटं झालं. साबणही लावला नव्हता. मालकांनी विचारलं तेव्हा मी... मी तिथल्या तिथे दहा करून सांगितलं. मुद्दाम."

एवढं बोलायला मला सत्तावीस वर्षं आणि अर्धं मिनिट लागलं. काकू परात धरून तशाच उभ्या. सुनेने हळूच, ओठ हलवत, दिवे मोजायला सुरुवात केली होती.

काका उठले. मला वाटलं, आता निघून जातील, आणि ते गेले असते तर बरोबरच होतं. ते माझ्यापाशी आले आणि इतक्या जोरात ओरडले की माइकची गरज पडली नाही.

"अगो मेले! सत्तावीस वर्सां! सत्तावीस वर्सां माका पाव मोजून घेवक लावलंस! बाजारात मी बायलेक सोबत नेतंय, बांगडे मोजूक! बारा बांगडे, काय तर म्हणे दोनदा मोज!"

"हो काका."

"आणि तो मिक्सर?"

"त्याच्यासाठीच."

"गादी?"

"तीपण."

काकू एकदम म्हणाल्या, "मिक्सर चांगलो आसा हां," आणि अख्खा हॉल हसत सुटला. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, वरच्या काचेतून एकदा ट्यूबलाईटकडे पाहिलं, काच बाजूला करून पुन्हा पाहिलं, आणि तो सदऱ्याच्या खिशात टाकला. मग काकूंच्या हातून परात घेऊन टेबलावर ठेवली, सुनेला अलीकडे उभं केलं, मला पलीकडे.

"लोकांका दाखवया काय झाला ता. मधल्या वळीतलो, डावीकडसून तिसरो दिवो. बोट दाखवा दोघी."

सुनेने एक दाखवला. मी दुसराच. परातीच्या दोन टोकांना दोघींची बोटं.

"आता दाराकडसून तिसरो."

दोघींची बोटं एकाच ज्योतीवर आली, मला चटका बसला, आणि टाळ्या पडल्या. साठ माणसांना हीट एक्स्चेंजर समजला! एक बाई म्हणाल्या, म्हणूनच आमच्या प्लंबरने भलताच पाइप बंद केला. काका मात्र आता थांबायला तयार नव्हते. त्यांनी हॉलमधल्या खुर्च्या मोजल्या. एकदाच. पंखे मोजले. टकली मोजली, मोठ्याने, ज्याच्या त्याच्याकडे बोट दाखवत. जिलेबीच्या ताटातल्या जिलेब्या मोजल्या आणि वाढप्याला म्हणाले, "छत्तीस. आणि तू चारदा मोजलंस तरी छत्तीसच येतले." सुनेने स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणून शेवटचा दिवा केला. वात वाकडी होती. तो लागला, आणि काकूंनी ओवाळलं.

निघताना मी पाया पडायला वाकले. काकांनी डोक्यावर हात ठेवला नाही. म्हणाले, "माफी-बिफी मागे बघू. आधी माका साईटवर ने."

म्हणून काल आम्ही गेलो. त्याच बर्फाच्या कारखान्यात. माझ्या गाडीत काका पुढे बसले होते, चष्म्याशिवाय, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या बसचे नंबर मला लांबून वाचून दाखवत होते. कारखाना आहे, यंत्र नवं आहे. पण अंगणात, जाळी वाळत घातलेल्या बांबूंच्या खाली, आमचं जुनं पिंप पडलं होतं. गंजून फुगलेलं, झाकणं गेलेली, ताटल्या तशाच. आणि त्यावर एक मावशी बसली होती, पाट्या शेजारी, केस सगळे पांढरे.

तिने मला खालून वर पाहिलं. "तू ती वासवाली नं?"

"हो," मी म्हटलं. हल्ली मी सगळ्याला हो म्हणते.

"लगीन झालं का नाय?"

"झालं."

"बग! मी बोललेलंच."

काका पिंपाभोवती फिरत होते. अडचण अशी की ते उचलून इथे टाकताना कसंही फिरवलेलं होतं. आता समुद्राची बाजू कोणती? मधे इमारती झाल्यात, समुद्र दिसतही नाही. काकांनी खाली वाकून शेलवर अमोनियाचा पाइप जोडायचं जुनं तोंड शोधलं. "ह्यो कॉम्प्रेसरकडे होतो, आणि कॉम्प्रेसर समुद्राच्या बाजूक. म्हणजे समुद्र हय." त्यांनी पिंपाच्या एका बाजूवर थाप मारली, समुद्र तिथेच ठेवला आहे तशी.

"जा मागे," ते म्हणाले. या वेळी मागे भिंत नव्हती, बोकाही नव्हता.

मी गेले. गंजाची पूड हाताने पुसली. वरून चौथी ओळ. तिथे दोन बुचं होती, एक काकांचं, एक माझं. मी हाताकडे बघितलं नाही. समुद्राच्या बाजूने मोजलं.

"सात!" पुढून काका ओरडले.

"सात!" मी मागून ओरडले. "आणि दहा! माझं दहावीत आहे काका!"

"हय दहावी उघडी आसा! मोकळी!" ते इतके खूश होते की पिंपावर हाताने ताल धरायला लागले. "मिया सातच म्हटलंय! सातच!"

मावशीला आता राहवेना. ती उठली, पुढून बोटाने मोजलं, मग कमरेवर हात ठेवून मागे आली आणि तिकडूनही मोजलं, एकेका भोकाला बोट लावत, ओठांत पुटपुटत.

"सात," ती म्हणाली. "बरोबर हाय त्याचं. आता सरका दोघं, माझी बसायची जागा हाय ती."